न उगवलेले दाणे : घरच्या सोयाबीन बियाण्याचा एक प्रकरण अभ्यास

वाशीम जिल्ह्यात कारंजा–मंगरूळपीर पट्ट्यातलं एक कोरडवाहू गाव. एप्रिल महिना, शाळा सकाळची. नववीतल्या एका मुलीनं घरच्या सोयाबीनचे १०० दाणे ओल्या बारदान्यात गुंडाळून टिनाच्या सपरीत, म्हणजे पत्र्याच्या पडवीत, ठेवले. आठव्या दिवशी गुंडाळी उघडली तेव्हा धड रोपं भरली ५२. प्रमाणित सोयाबीन बियाण्याची किमान उगवण ७० टक्के धरतात. त्या हिशेबानं घरातले तीनही कट्टे (पोती) बियाणं म्हणून बाद ठरत होते.

गाव, घर आणि पुढचे आकडे वर्गात वापरण्यासाठी कल्पनेनं रचलेले आहेत. पद्धत, बियाण्याची रचना आणि त्याचं वागणं मात्र कुणालाही घरी पडताळून बघता येईल असं आहे.

सोयाबीन स्वपरागित पीक आहे, म्हणजे स्वतःच्याच परागानं फळतं. सरळ (संकरित नसलेल्या) वाणाचं प्रमाणित बियाणं एकदा घेतलं की पुढची दोन-तीन वर्षं घरचंच वापरता येतं, आणि विदर्भातले अनेक शेतकरी तसं करतात. मात्र ज्वारी-गव्हाच्या तुलनेत हा दाणा फार नाजूक. २०१९ च्या ऐन सोंगणीत (कापणीत) पाऊस झाला आणि २०२० च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी राज्यभरातून आल्या. तेव्हापासून घरच्या उगवण चाचणीवर भर वाढला, हे फार चांगलं झालं. पण चाचणीतून निघालेल्या एका आकड्यावर लगेच निर्णय घेण्याची सवयही तिच्याबरोबर आली, आणि या प्रकरणाचा विषय ती सवय आहे.

एक आकडा, तीन कारणं

घरात ५२ या आकड्याचे तीन अर्थ लागले. बाप म्हणाला, "टिनाच्या खोलीत ठेवलं न् शिजलं." आजीचं म्हणणं वेगळं होतं: "हडंब्यानं दाना फोडला. माह्या सरव्याचं लावून पाय, मंग सांग." (हडंबा म्हणजे मळणी यंत्र; सरवा म्हणजे सोंगणीनंतर वावरात उरलेल्या, वेचून आणलेल्या शेंगा.) कृषी सहायकानं तिसराच प्रश्न विचारला. गुंडाळी ठेवली कुठं होती? सपरीत? मग बियाण्याची नाही, उन्हाचीच परीक्षा झाली.

तिघांचंही म्हणणं शक्यतेतलं आहे, आणि ५२ हा आकडा तिघांनाही सारखाच लागू पडतो. त्यामुळे तो कुणाच्याच बाजूनं पुरावा ठरत नाही. गृहीतक उपयोगी ठरतं ते त्यातून असं भाकीत निघालं तर, जे दुसऱ्या गृहीतकातून निघत नाही. मुलीनं हा वाद शाळेत नेला, तेव्हा वर्गानं पहिला तास फक्त यावर घालवला. तो वाया गेला नाही.

बापाचं खरं असेल, तर टिनाच्या खोलीतलं बियाणं कमी उगवेल आणि त्याच गंजीतलं, पण थंड माजघरात ठेवलेलं जास्त. आजीचं खरं असेल, तर खोली कोणतीही असो, हडंब्यातलं बियाणं काठीनं बडवलेल्यापेक्षा कमी उगवेल. कृषी सहायकाचं खरं असेल, तर चाचणीची जागा बदलताच सगळ्याच नमुन्यांचा आकडा वर जाईल.

या घरात तुलनेची सामग्री योगायोगानं तयारच होती. तीन कट्ट्यांपैकी एक बापानं फेब्रुवारीत मातीच्या भिंतीच्या माजघरात हलवला होता. आजीनं सोंगणीनंतर त्याच वावरात सरवा वेचला होता. काठीनं बडवून, पाखडून, निवडून जेमतेम सहा किलो झालेला हा दाणा टिनाच्या खोलीतच होता. वाण एक, वावर एक, हंगाम एक. म्हणजे तीन नमुने झाले:

अ – हडंबा, टिनाची खोली
ब – हडंबा, माजघर
क – काठीनं बडवलेला सरवा, टिनाची खोली

चौथा नमुना, काठीनं बडवून माजघरात ठेवलेला, घरात नव्हता. ही जागा रिकामी आहे हे वहीत पहिल्याच पानावर लिहून ठेवलं. असलेल्या माहितीइतकंच नसलेल्या माहितीचंही भान ठेवावं लागतं, नाहीतर निष्कर्ष लिहिताना ती जागा मन आपोआप भरून टाकतं.

दाणे काढण्यापासून मोजण्यापर्यंत

सगळ्यात जास्त चाचण्या नमुना काढतानाच बिघडतात. कट्ट्याच्या तोंडाशी हात घालून मूठभर दाणे घेतले की फक्त वरचा थर मिळतो. कडेचा आणि तळाचा दाणा वेगळ्या उष्णतेत, वेगळ्या दाबाखाली राहिलेला असतो. म्हणून कट्टा ताडपत्रीवर रिकामा करायचा, दहा-बारा ठिकाणांहून मूठ-मूठ घ्यायची, ढीग मिसळायचा, चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवायचे, पुन्हा मिसळायचं. उरलेल्या मूठभरातून दाणे सरसकट ओळीनं मोजायचे. हात नकळत टपोऱ्या दाण्याकडे जातो. तो थांबवायचा असेल तर ढिगाच्या एका कडेनं सुरुवात करून मधला एकही दाणा न वगळता पुढं जायचं.

किती दाणे घ्यायचे? प्रयोगशाळेत १००-१०० चे चार संच, म्हणजे ४०० दाणे लावतात. त्यामागं साधं गणित आहे. खरी उगवण ७० टक्के असली, तरी १०० दाण्यांच्या चाचणीत निव्वळ योगायोगानं ६१ पासून ७९ पर्यंत काहीही येऊ शकतं. ४०० दाण्यांत ही ओढाताण साधारण ६५ ते ७५ वर येते. दहा दाणे लावले तर चार उगवले काय आणि दहा उगवले काय, दोन्ही त्याच बियाण्यातून शक्य आहे. वर्गाकडे बारदाना आणि हात बेताचेच होते, म्हणून प्रत्येक नमुन्याचे प्रत्येक जागी १०० चे दोन संच ठरले. तीन नमुने, दोन जागा, दोन संच: १२ गुंडाळ्या, १२०० दाणे. सोयाबीनचे १०० दाणे साधारण १० ते १३ ग्रॅम भरतात, म्हणजे सगळा खर्च दीडशे ग्रॅमच्या आतबाहेर.

बारदाना धान्याचा घ्यावा. ज्यात खत किंवा औषध राहिलं असेल तो नको. त्याचे दीड बाय एक फुटाचे तुकडे उकळत्या पाण्यातून काढून घेतले, म्हणजे जुनी बुरशी मरते. गार झाल्यावर पिळले. इथं हाताचा अंदाज लागतो: तुकडा दाबला तर बोटं ओली व्हावीत, पण थेंब गळू नये. पाणी थबथबत राहिलं की दाण्याभोवतीची हवा संपते. फुगलेला दाणा जोरात श्वसन करत असतो, त्याला ऑक्सिजन मिळाला नाही तर तो सडतो, आणि आपण दोष बियाण्याला देतो. दहा ओळींत दहा-दहा दाणे, दोन दाण्यांत बोटभर अंतर. अंतर यासाठी, की एका दाण्यावर आलेली बुरशी शेजाऱ्याकडे जाऊ नये. वरून दुसरा ओला तुकडा, मग सैल गुंडाळी.

सहा गुंडाळ्या टिनाच्या सपरीत, सहा आतल्या खोलीत रांजणाच्या बुडाशी, जिथली जमीन झिरपत्या पाण्यानं कायम गार असते. मात्र सपरीतला बारदाना तासाभरात कोरडा पडतो. मग फरक पडला तर तो उष्णतेनं की कोरडेपणानं, हे कळणार नाही. दोन गोष्टी एकदम बदललेल्या असतील. म्हणून सगळ्या गुंडाळ्या तोंड सैल बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत ठेवल्या आणि रोज सकाळी गरजेपुरतं पाणी शिंपडलं, ज्यानं ओल दोन्हीकडं सारखी राहिली. तापमान शाळेतल्या प्रयोगशाळेच्या तापमापीनं, गुंडाळीच्या आत नळी सरकवून घेतलं. तापाचा थर्मामीटर इथं चालत नाही. तो साधारण ३५ ते ४२ अंशांतच मोजतो आणि झटकल्याशिवाय खाली उतरत नाही. दुपारी दोन वाजता सपरीतल्या गुंडाळीत ३९ ते ४०, रांजणापाशी २८ ते ३०. सोयाबीनच्या चाचणीसाठी प्रयोगशाळेत २५ अंश, किंवा २० ते ३० अंशांचा दिवस-रात्र पालट ठेवतात. रांजणाखालची जागा त्याच्या बऱ्यापैकी जवळ येते.

गुंडाळ्यांवर अ-ब-क न लिहिता १ ते १२ आकडे घातले. कोणत्या आकड्याचा कोणता नमुना, ती चिठ्ठी सरांकडे. मोजणाऱ्यांत ती मुलगीही होती, आणि आजीचं बियाणं जिंकावं असं तिला मनापासून वाटत होतं. अशी इच्छा असणं गैर नाही, पण अर्धवट रोपाला "धड" म्हणायचं की नाही हे ठरवताना ती आड येते. प्रत्येक गुंडाळी दोघांनी वेगवेगळी मोजली, पाचव्या दिवशी एकदा आणि आठव्या दिवशी शेवटची.

काय दिसलं

(प्रत्येक ठिकाणी २०० दाण्यांपैकी)

| नमुना व जागा | धड रोपं | विकृत रोपं | सडलेले | टणक |
|---|---|---|---|---|
| अ, सपरी | १०१ | ४० | ५६ | ३ |
| ब, सपरी | १०७ | ३८ | ५२ | ३ |
| क, सपरी | १४० | १० | ४७ | ३ |
| अ, रांजण | १३१ | ४१ | २५ | ३ |
| ब, रांजण | १३८ | ३९ | २० | ३ |
| क, रांजण | १६८ | ९ | २० | ३ |

पहिला स्तंभ बघून थांबलं तरी उत्तराची दिशा कळते. अ नमुना सपरीत ५०.५ टक्के, म्हणजे मुलीच्या घरच्या ५२ ला दुजोरा. तिनं मोजण्यात काही चुकवलं नव्हतं. तोच अ रांजणापाशी ६५.५ टक्के. जागेनं १५ टक्क्यांचा फरक पडला. हडंबा आणि काठी यांत, रांजणापाशी, ६५.५ विरुद्ध ८४. टिन आणि माजघर यांत ६५.५ विरुद्ध ६९. २०० दाण्यांच्या दोन नमुन्यांत नऊ टक्क्यांपर्यंतचा फरक नुसत्या योगायोगानंही येतो, म्हणून हा साडेतीन टक्क्यांचा फरक "आहे" असं म्हणता येत नाही. जागेचा आणि मळणीचा, हे पहिले दोन फरक या मर्यादेच्या बरेच बाहेर आहेत.

या प्रकरणाचं खरं मोल उरलेल्या तीन स्तंभांत आहे, आणि बहुतेक घरगुती चाचण्यांत तेच फेकून दिले जातात. उगवलेले मोजले की गुंडाळी उकिरड्यावर जाते. उगवलेला दाणा सांगतो की बियाणं किती चांगलं आहे. ते का बिघडलं, हे न उगवलेला सांगतो.

रांजणापाशीच्या अ गुंडाळीतलं एक विकृत रोप हातात घ्या. दोन डाळ्यांपैकी एक अर्ध्यातून तुटलेली, तुटलेल्या कडेला तपकिरी रेघ. देठ जाड, आखूड, एका बाजूला वाकडा. मूळ आहे, पण टोक बोथट. खालून वाढ थांबली म्हणून वरून दोन-तीन आडवी मुळं फुटलेली. हा दाणा मेलेला नव्हता. त्यानं पाणी घेतलं, टरफल फोडलं, वाढायला सुरुवात केली, आणि जिथं त्याला मार बसला होता तिथं तो अडला. शेतात असं रोप जमिनीच्या वर येत नाही, आलं तरी टिकत नाही. धड रोपाचा निकष कडक ठेवायचा तो यासाठी: मूळ लांब आणि टोक शाबूत, देठ सरळ, शेंडा शाबूत, डाळ्यांचा निम्म्याहून जास्त भाग निरोगी. मोड आला म्हणून उगवला असं धरलं असतं, तर रांजणापाशीचा अ नमुना ८६ टक्के दिसला असता आणि जुलैत वावरात खाडे (रोपांविना मोकळ्या जागा) पडले असते.

आता विकृत रोपांचा स्तंभ वरून खाली वाचा. अ सपरीत ४०, अ रांजणापाशी ४१. जागा बदलून आकडा हलला नाही, म्हणजे ही इजा चाचणीच्या आधीपासून दाण्यात होती. क मध्ये १० आणि ९. सडलेल्यांचा स्तंभ उलटा वागतो: अ मध्ये ५६ वरून २५, क मध्ये ४७ वरून २०. तो जागेनुसार हलतो, मळणीनुसार फारसा नाही. दोन कारणांनी दोन वेगवेगळ्या खुणा सोडल्या आहेत.

मळणीची खूण अशी का पडते, ते दाणा उघडल्यावर कळतं. रात्रभर भिजवलेल्या दाण्याचं टरफल नखानं काढा. दोन डाळ्यांच्या कडेला, काळसर डोळ्याजवळ, मूलांकुर चिकटून बसलेला दिसतो. त्याच्यावर कागदाइतक्या पातळ टरफलाशिवाय दुसरं संरक्षण नाही. हडंब्याचा ड्रम जोरात फिरत असताना दाणा त्यावर आपटला की टरफलाला बारीक तडा जातो किंवा मूलांकुराचा सांधाच दुखावतो. बाहेरून दाणा तसाच पिवळा, टपोरा. सोयाबीन मळताना ड्रमचे फेरे मिनिटाला ३५० ते ४०० च्या आसपास आणि दाण्यातली ओल १३ ते १४ टक्के असावी असं सांगतात. दाणा फार वाळला की ठिसूळ होऊन तडकतो, फार ओला असला की चेपतो.

उष्णतेची खूण कुजण्याची. चाळिशीजवळच्या तापमानात अंकुराची वाढ मंदावते, श्वसनात साठा मात्र जळत राहतो, आणि साठवणीतल्या बुरशीला ही ओल-ऊब अगदी मानवते. जो दाणा २९ अंशांना उशिरा का होईना उठला असता, तो ४० अंशांना बुरशीच्या तावडीत सापडतो. टणक राहिलेल्या तिघांनी पाणीच घेतलं नव्हतं. सगळीकडे ते सारखेच, म्हणून त्यांचा या वादाशी संबंध नाही.

तड्यांची वेगळी खातरजमा साध्या पाण्यात झाली. १०० कोरडे दाणे पसरट ताटलीत पाण्यात टाकायचे आणि पाच मिनिटांनी फुगलेले वेचायचे. शाबूत टरफल पाणी सावकाश आत घेतं. तडकलेल्यातून ते एकदम शिरतं, कोरड्या पेशींची पटलं सावरण्याआधीच, आणि आतला साखर-प्रथिनांचा रस बाहेर झिरपतो. अ मध्ये २४ फुगले, क मध्ये ७. विकृत रोपांच्या प्रमाणाशी हे जुळतं. चाचणीला आठ दिवस लागतात, ही तपासणी दहा मिनिटांत होते. उगवणीची जागा ती घेऊ शकत नाही, पण हंगामात मळणी चालू असताना हडंब्याशेजारी बसून करण्यासारखी आहे.

आजीचं म्हणणं सिद्ध झालं का?

वर्गातल्या अर्ध्या मुलांनी हो म्हटलं. आक्षेप एका शांत मुलाचा होता: आजी दाणे निवडते. फुटके, सुरकुतलेले ती सुपातच बाजूला काढते. मग क चांगला ठरला तो काठीमुळे की आजीच्या नजरेमुळे?

हा आक्षेप बिनतोड होता, आणि त्यावर उपाय वाद घालण्याचा नव्हता. आजीलाच अ च्या कट्ट्यातले १०० दाणे नेहमीसारखे निवडून द्यायला सांगितले आणि ते रांजणापाशी लावले. धड ७१, विकृत १६, सडलेले १२, टणक १. निवडण्यानं थोडा फायदा झालेला दिसतो, पण ८४ पर्यंत मजल गेली नाही, आणि विकृत रोपं क मधल्या साडेचार टक्क्यांच्या तुलनेत १६ टक्के राहिलीच. जो तडा डोळ्यांना दिसत नाही, तो निवडून काढता येत नाही.

दुसरी शंका सरव्याबद्दल. त्या शेंगा सोंगणीनंतर वावरात जास्त दिवस दव-ऊन खात पडल्या होत्या. पण त्यानं दाणा खराब व्हायला हवा, आणि आला तो सरस. ही तफावत मळणीच्या गृहीतकाला उलट बळ देते. तरीही सरवा आणि गंजी यांत काठीशिवाय आणखी कितीतरी फरक असू शकतात. म्हणून वहीतला शेरा असा: मळणीतली इजा हे सगळ्यात जास्त पुरावा असलेलं कारण, एकाच गंजीतली तुलना अजून बाकी.

बापाच्या म्हणण्याबद्दलही घाई नको. माजघर आणि टिन यांत फरक सापडला नाही, तो एप्रिलच्या मध्यापर्यंतच्या साठवणीत. टिनाच्या खोलीचा खरा मार मे महिन्यात बसतो. सोयाबीनच्या दाण्यात साधारण २० टक्के तेल असतं, उष्णता आणि ओल मिळाली की ते खवटतं, पेशींची पटलं कमजोर होतात आणि बियाणं झपाट्यानं म्हातारं होतं. म्हणून उरलेले दोन्ही कट्टे लगेच माजघरात हलवले, जमिनीपासून वर, लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब. उचलताना आपटले नाहीत. उंचावरून टाकलेला कट्टाही हडंब्याचंच काम करतो.

निर्णय

पेरायचे होते चार एकर, कट्ट्यांत मिळून १३५ किलो. ७० टक्के उगवणीला एकरी ३० किलो हा दर, त्यामुळे हिशेब ३० × ७० ÷ उगवण असा. ५२ धरलं तर एकरी ४० किलोच्या वर, चार एकरांना १६० किलोहून जास्त. बियाणं पुरलं नसतं आणि विकत घ्यावं लागलं असतं. ६५.५ धरलं तर एकरी ३२ किलो, एकूण १२८. सात किलो आणि आजीचा सरवा खाडे भरायला हाताशी.

यात एक धोका उरतो, तो घरच्यांना स्पष्ट सांगितला: २०० दाण्यांच्या चाचणीतलं ६५.५ म्हणजे खरी उगवण ५९ ते ७२ मध्ये कुठंही. मृगाच्या आधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, रांजणापाशीच अ आणि ब चे ४००-४०० दाणे पुन्हा लावायचे. विदर्भातल्या शाळा तेव्हा उघडलेल्या नसतात, म्हणून ती चाचणी मुलगी आणि आजी घरीच करणार. आकडा ६० च्या खाली आला तर हे बियाणं पेरायचं नाही. वर राहिला तर ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर, तीन ते पाच सेंटिमीटर खोल पेरायचं. खोल गेलेलं दुबळं रोप स्वतःच्या डाळ्या वर ओढून आणू शकत नाही. आधी बुरशीनाशक, शेवटी जिवाणू संवर्धन, आणि दोन्ही लावताना दाणा चोळायचा नाही. तडकलेलं टरफल तेवढ्यानंही सुटतं.

ऑक्टोबरसाठीचा आराखडा वहीच्या शेवटच्या पानावर आहे. एकाच गंजीचे तीन भाग: एक हडंब्यातून नेहमीच्या वेगानं, एक वेग कमी करून, एक काठीनं. तिन्हींतून न निवडता दोन-दोन किलो काढायचे, प्रत्येकी एक किलो टिनाच्या खोलीत आणि एक माजघरात. मळणीच्याच दिवशी प्रत्येकाचे १०० दाणे पाण्यात टाकून फुगलेले मोजायचे, आणि हडंबेवाल्याला वेग किती ठेवला ते विचारून तिथल्या तिथं लिहून घ्यायचं.